मांजराच्या पिल्लाची छाती आत गेलेली असेल तर

मांजरी व्यायल्यावर तीनचार आठवड्यांनी घरातल्या पोरांच्या लक्षात येतं, की एक पिल्लू मागे पडलंय. बाकीची पडवीभर हुंदडतात, ते चार पावलं धावून बसतं. उचललं तर हलकं लागतं. पोटाखालून हात घातला की छातीच्या मागच्या भागात बोट जाईल असा खळगा लागतो, नाहीतर सगळी छातीच वरून दाबल्यासारखी चपटी लागते. मग घरात तर्क सुरू होतात. अंधारात कोणाचा पाय पडला असेल. बोक्याने धरलं असेल. दारात चेंगरलं असेल. शेवटी कोणीतरी म्हणतं, "जगायचं असेल तर जगेल," आणि विषय तिथेच मिटतो.

असं पिल्लू बहुतेक वेळा कोणाच्या पायाखाली आलेलं नसतं. त्याच्या छातीचा पिंजराच वाकडा घडलेला असतो. हे दोष रोज दिसणारे नाहीत, पण पशुवैद्यकाला ते अनोळखीही नाहीत आणि त्यांवर उपाय आहेत. अडचण ही, की त्यातला सगळ्यात सोपा उपाय पिल्लाच्या पहिल्या तीनचार महिन्यांतच चालतो. "बघू, जरा मोठं होऊ दे" म्हणून आपण जे दिवस घालवतो, ते नेमके हेच. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

पिंजरा आणि श्वास

मांजराला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. वरच्या बाजूला त्या पाठीच्या कण्याला जोडलेल्या असतात. खाली पहिल्या ९ जोड्या छातीच्या मधल्या हाडाला येऊन मिळतात. या हाडाला उरोस्थी म्हणतात. उरोस्थी एकसंध नसते, ८ छोट्या तुकड्यांची ती एक ओळ असते. बरगडी आणि उरोस्थी यांना जोडणारा शेवटचा टप्पा कूर्चेचा असतो. आपल्या कानाच्या वरच्या भागात जे वाकतं पण मोडत नाही, ती कूर्चा. लहान पिल्लाच्या पिंजऱ्यात अशी मऊ, लवचिक कूर्चा भरपूर असते आणि हाडंही अजून पुरती टणक झालेली नसतात. वय वाढतं तसं हे सगळं घट्ट होत जातं. पुढचा सगळा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे.

आता श्वासाचं. फुफ्फुसाला स्वतःहून फुगण्याची ताकद नसते. भजनात पेटी वाजवणाऱ्याचा भाता मारणारा हात बघा. भाता उघडला की आत जागा होते आणि हवा आपणहून शिरते. छातीचंही तसंच चालतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पातळ पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. ते मागे सरकतं, बरगड्या बाहेर फाकतात, आतली जागा वाढते आणि फुफ्फुसात हवा येते. भात्याची फळीच आत वाकून बसली, तर एका वेळी येणारी हवा कमी पडते आणि ती भरून काढायला हात भराभर मारावा लागतो. या पिल्लांचा श्वास भराभर चालतो, आणि इतरांच्या निम्मंही न खेळता ती थकतात, ती याच कारणाने.

खोलगट छाती आणि चपटी छाती

हे दोन दोष वेगळे आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत, त्यामुळे त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

खोलगट छातीत उरोस्थीचा मागचा, म्हणजे पोटाकडचा भाग आत कण्याच्या दिशेने वळलेला असतो. बोटाला जाणवतो तो हाच खळगा. आत फुफ्फुसांची जागा कमी होते आणि हृदय आपल्या जागेवरून सरकतं, बहुतेक वेळा डावीकडे. हाड जास्तच आत आलेलं असेल तर हृदयावर आणि त्याला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरांवर दाब येतो. डॉक्टरांना ठोक्यांबरोबर एक जादा आवाज ऐकू येतो. तो ऐकून लगेच घाबरायचं कारण नाही. हृदय नुसतं जागेवरून सरकल्यामुळेही असा आवाज येतो आणि छाती सुधारल्यावर कधीकधी तो जातो. मात्र काही पिल्लांना हृदयाचा वेगळा जन्मजात दोषही असतो, म्हणून तपासून खात्री करावी लागते.

चपटी छाती म्हणजे सगळा पिंजराच वरून खाली दबलेला. बरगड्यांना जिथे गोल वळण हवं तिथे एकदम कोन पडतो. पिल्लाच्या दोन्ही कुशींवरून बोट फिरवलं तर लांब धार लागते. ही पिल्लं पोटावर पसरून, कोपरं बाहेर काढून, पाण्यात हातपाय मारावेत तशी सरकतात. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. यातली बरीच पिल्लं जन्मतात तेव्हा ठीक दिसतात आणि पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत त्यांची छाती चपटी होते. जन्माच्या दिवशी हात फिरवून "सगळी चांगली आहेत" म्हणून निश्चिंत झालेली माणसं इथेच फसतात. एकाच पिल्लात दोन्ही दोष असणंही शक्य आहे.

उरोस्थी उलट बाहेर आलेली असते असाही एक प्रकार आहे. त्याचा सहसा त्रास होत नाही आणि त्याला उपचारही लागत नाही.

कोणाचा पाय पडला नसेल तर मग हे कशाने?

खोलगट छातीचं पक्कं कारण अजून सापडलेलं नाही. श्वासपटलाचा मधला भाग आखूड असला तर तो प्रत्येक श्वासाला मऊ उरोस्थी आत ओढत राहतो, असा एक विचार आहे. नाक किंवा घसा अरुंद असला की पिल्लाला श्वासासाठी फार जोर करावा लागतो आणि त्या ओढीने छाती आत जाते, असा दुसरा. गर्भात असताना पडलेल्या दाबाचंही नाव घेतलं जातं.

आनुवंशिकतेचा हात असावा असं मानायला मात्र चांगला आधार आहे. बर्मीज जातीच्या मांजरांत चपटी छाती जास्त दिसते हे बऱ्याच वर्षांपासून नोंदलं गेलंय. बंगाल जातीच्या एकमेकांच्या नात्यातल्या पिल्लांमध्ये छातीचे दोष जास्त आढळल्याचा अभ्यास ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या वाडीतली मांजरं कुठल्या नावाच्या जातीची नसतात, हे खरं. पण एखाद्या बंदरावर किंवा खाडीकाठच्या छोट्या वाडीत तेच दोनतीन बोके आणि त्यांच्याच लेकी-नाती पिढ्यानपिढ्या वाढत असतील, तर रक्ताचं नातं तिथेही जवळचंच राहतं.

एका गोष्टीकडे मात्र आपल्याला घरच्या घरी लक्ष देता येतं. मांजराला टॉरिन नावाचा घटक आहारातून मिळावाच लागतो, कारण तो पुरेसा बनवणं त्याच्या शरीराला जमत नाही. टॉरिन असतं मासे आणि मांसात. ते कमी पडलं तर हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे अमेरिकेतल्या संशोधनाने १९८७ साली दाखवून दिलं. गाभण मांजरीला ते कमी पडलं तर मेलेली किंवा सांगाड्यात दोष असलेली पिल्लं होऊ शकतात, हेही प्रयोगांत दिसलंय. छातीचा प्रत्येक खळगा टॉरिनमुळे होतो असा याचा अर्थ नाही. पण आपल्याकडे जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात, त्यापाठोपाठ बऱ्याच घरांत श्रावण पाळतात, आणि तेवढे दिवस मांजरीच्या ताटलीत नुसता दूधभात पडतो. ती त्या वेळी गाभण असली तर हे बरं नाही. तिच्यापुरतं मांजराचं तयार खाद्य ठेवावं. मासे उकडून घालत असाल तर ते पाणी ओतून देऊ नका, टॉरिन त्या पाण्यात उतरतं. भातावर तेच घाला.

खळगा दिसतोय, पण उपचार लागेल का?

प्रत्येक खळग्याला उपचार लागत नाही. निर्णय छाती कशी दिसते यावर नाही, तर पिल्लू कसं वाढतं आणि श्वास कसा घेतं यावर होतो.

वाढ कळते वजनावरून, त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि पुढे रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं. रोज एकाच वेळी वजन करून ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. भावंडं वाढतायत आणि याचं वजन दोन दिवस तिथेच आहे किंवा घटतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. डोळ्यांना हा फरक फार उशिरा दिसतो, काट्याला आधी. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

श्वास मोजायचा तो पिल्लू गाढ झोपेत असताना. एका मिनिटात छाती किती वेळा वरखाली होते ते घड्याळ लावून मोजा. मोठ्या मांजराचा आकडा झोपेत ३०च्या आत असतो, पिल्लाचा थोडा जास्त. झोपेतही तो सतत ४०च्या पुढे राहत असेल तर दाखवायला हवं. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, हिरड्या किंवा जीभ निळसर पडणं, प्रत्येक श्वासाला पोट जोरात आत जाणं, यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

दवाखान्यात पुढची पायरी एक्स-रेची. डॉक्टर त्यावर एक साधं गणित मांडतात. छातीची रुंदी मोजायची आणि तिला, जिथे दोष सगळ्यात जास्त आहे तिथल्या कणा ते उरोस्थी या अंतराने भागायचं. निरोगी मांजरात उत्तर ०.७ ते १.३ येतं. २ पर्यंत दोष सौम्य धरतात, २ ते ३ मध्यम, ३च्या वर तीव्र. समजा छाती ४५ मिलिमीटर रुंद आहे आणि कण्यापासून उरोस्थी फक्त १५ मिलिमीटरवर आहे, तर उत्तर ३ येतं, म्हणजे मध्यम आणि तीव्र यांच्या सीमेवर. हा आकडा लिहून घ्या. उपचारानंतरच्या एक्स-रेत तो किती उतरला, यावरून सुधारणा कळते. मात्र आकडा मोठा असूनही मजेत असलेली पिल्लं असतात, म्हणून डॉक्टर नुसत्या आकड्यावर ठरवत नाहीत.

धाप लागलेल्या पिल्लाला एक्स-रेसाठी उताणं दाबून धरणं धोक्याचं असतं. अशा पिल्लाला आधी ऑक्सिजन देऊन शांत करतात. तुम्हीही त्याला घरी उताणं करून खळगा पुन्हापुन्हा दाबून बघू नका, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बघू देऊ नका.

दम लागण्याची कारणं आणखीही आहेत

छातीत खळगा आहे आणि धाप आहे, म्हणजे धाप खळग्यामुळेच, असं लगेच धरू नये. आपल्याकडे पिसवा भयंकर. महिन्याभराच्या पिल्लाच्या अंगावर त्या भरपूर असल्या तर त्याचं रक्त इतकं घटतं की हिरड्या पांढऱ्या पडतात आणि श्वास वाढतो. सर्दी, न्यूमोनिया, जंत हीही कारणं असतात. कधी श्वासपटलालाच जन्मतः भोक असतं आणि पोटातले अवयव छातीत शिरलेले असतात. उरोस्थीच्या दोषाबरोबर असं भोक असण्याचा संभव असतो, म्हणूनही एक्स-रे टाळू नये.

इथे दोन इशारे देणं भाग आहे. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. माणसाला चालणारी ती गोळी मांजराला विष आहे, मग तुकडा कितीही छोटा असो.

खोलगट छातीवर उपचार

सौम्य दोष असलेलं, नीट वाढणारं पिल्लू फक्त लक्ष ठेवून वाढवतात. काही डॉक्टर घरच्यांना छाती दोन्ही कुशींकडून हलक्या हाताने, दिवसातून काही वेळा दाबायला शिकवतात, कारण कूर्चा मऊ आहे तोवर तिला वळण लावता येतं. किती दाबायचं ते डॉक्टरांच्या हाताखाली शिकूनच करावं.

मध्यम किंवा तीव्र दोष असेल आणि पिल्लाला त्रास होत असेल, तर स्प्लिंट बसवतात. स्प्लिंट म्हणजे छातीच्या खालच्या बाजूला बाहेरून बसणारा आधार. गरम केल्यावर मऊ होणारं खास प्लास्टिक पिल्लाच्या छातीच्या मापाने वळवून तो तयार करतात, आतून मऊ अस्तर देतात आणि त्याला भोकं पाडतात.

पिल्लाला पूर्ण भूल देऊन श्वासनळीत नळी घालतात आणि श्वास हाताने दिला जातो. पिल्लाला उताणं ठेवून मोठी वाकडी सुई त्वचेतून आत घालून, उरोस्थीला अगदी चिकटून, हाडाला वळसा घालून बाहेर काढतात. तिच्यामागून जाड दोरा येतो. सुई आत असताना फुफ्फुस फुगलेलं नसावं याची काळजी घेतात. असे अनेक दोरे एकामागून एक घालतात, त्यांची टोकं स्प्लिंटच्या भोकांतून काढतात आणि बाहेर बांधतात. दोरे ताणले जातात तशी आत गेलेली उरोस्थी स्प्लिंटकडे, म्हणजे बाहेर ओढली जाते. साधारण दोन ते चार आठवडे स्प्लिंट तसाच ठेवतात. तेवढ्यात कूर्चा नव्या आकारात घट्ट होऊ लागते, आणि मग दोरे कापून स्प्लिंट काढला तरी छाती बऱ्याच अंशी बाहेर राहते.

यासाठी पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असलेलं बरं. त्यानंतर उरोस्थी टणक झालेली असते आणि दोऱ्याने ओढून ती येत नाही. मग छाती उघडून कूर्चा आणि हाड कापावं लागतं, आतून धातूची पट्टी किंवा सळी बसवावी लागते, काही वेळा उरोस्थीचा थोडा भाग काढूनच टाकावा लागतो. मोठ्या मांजरांवर हे केलं गेलंय आणि ती बरीही झालीयत. पण जखम मोठी, भूल लांब, खर्च आणि जोखीम दोन्ही जास्त. माणसांच्या मुलांतही हा दोष असतो आणि त्यांच्यातही छाती लवचिक असतानाच छोट्या शस्त्रक्रियेने काम भागतं. अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड नस यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली पद्धत अशीच आहे. त्यात वाकवलेली पोलादी पट्टी बाजूच्या छोट्या छेदांतून आत सरकवून उरोस्थी बाहेर ढकलतात.

यात धोका नाही का?

आहे, आणि तो ऐकूनच संमती द्यावी. सुईची वाट चुकली तर फुफ्फुसाला, हृदयाला किंवा उरोस्थीच्या कडेने जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर पिल्लू हाताशी राहत नाही. दुसरा धोका फारसा कोणाला माहीत नसतो. बरेच दिवस दबून राहिलेलं फुफ्फुस एकदम पूर्ण फुगवलं तर त्यात पाणी साचू शकतं. म्हणून भूल देणारे डॉक्टर श्वास जोराने देत नाहीत, आणि छाती एका दमात पूर्ण बाहेर ओढण्यापेक्षा हळूहळू ताण वाढवणं काही शल्यचिकित्सक पसंत करतात. स्प्लिंटखाली त्वचा सोलवटणं, दोऱ्याच्या जागी पू होणं या तक्रारी तर बऱ्याचदा होतात, पण त्या आटोक्यात आणता येतात.

"याआधी मांजराच्या पिल्लाला असा स्प्लिंट बसवलाय का?" असं डॉक्टरांना सरळ विचारावं. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. नसेल बसवला तर कोणाकडे जावं हे तोच सांगतो.

चपट्या छातीचं गणित वेगळं

इथे दोरे लागत नाहीत. छाती वरून खाली दबलेली असल्याने तिला दोन्ही कुशींकडून हलका, सततचा दाब दिला की ती गोल व्हायला मदत होते. त्यासाठी हलक्या प्लास्टिकच्या नळीचा तुकडा उभा चिरून, आत कापूस-कापडाचं अस्तर लावून पिल्लाच्या अंगाभोवती चोळीसारखा बसवतात. पिल्लू रोज वाढतं, त्यामुळे माप सारखं बदलावं लागतं. यामागे मोठ्या चाचण्या नाहीत. डॉक्टरांचा आणि मांजरं वाढवणाऱ्यांचा हा अनुभव आहे.

सौम्य चपटी छाती काहीही न करता वाढत्या वयाबरोबर गोल होते, आणि हे बऱ्याच पिल्लांच्या बाबतीत घडतं. तीव्र दोष असलेली पिल्लं मात्र पहिल्या काही आठवड्यांतच जातात. मधल्या पिल्लांना खरा आधार लागतो तो दुधाचा. दमलेलं पिल्लू आईला नीट लुचत नाही, भावंडं त्याला बाजूला सारतात. त्याला वेगळं, थोडंथोडं, दर दोनतीन तासांनी पाजावं लागतं. गाईचं दूध नको, त्याने हगवण लागते. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर तालुक्याच्या ठिकाणी औषधाच्या किंवा प्राण्यांच्या दुकानात मागवून मिळते. पाजताना पिल्लू पोटावर असायला हवं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनळीत जातं, आणि आधीच तोकड्या फुफ्फुसाला न्यूमोनिया सोसवत नाही.

"बाटली कापून घरीच बांधली तर?"

फोनवर असे व्हिडिओ फिरतात आणि बघून मोह होतो, हे समजण्यासारखं आहे. तरी करू नका. चपटी छाती आणि खोलगट छाती यांत दाब आणि ओढ यांची दिशा वेगळी असते, आणि कोणता दोष किती आहे हे एक्स-रेशिवाय घरी ठरवता येत नाही. १५० ग्रॅमच्या जिवाला बाटली थोडी घट्ट बसली तर त्याचा उरलासुरला श्वासही अडकतो. सैल बसली तर ती काखेत घासून जखमा करते. डॉक्टरांनी एकदा माप घेऊन, बांधून दाखवल्यावर रोजची देखभाल तुम्हीच करायची असते. तेवढं काम तुमच्या हातात नक्की आहे.

"निसर्गानेच दुबळं केलंय, आपण मध्ये कशाला पडा?"

हा प्रश्न तुच्छतेने उडवून लावण्यासारखा नाही. घरात माणसांच्या औषधाला पैसे नसताना मांजरावर खर्च कसा करायचा, हे विचारणाऱ्याची अडचण खरी असते. पण या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या जातात. वजन करणं, श्वास मोजणं, वेळेवर पाजणं, पिसवा काढणं यांना जवळजवळ काही पडत नाही, आणि सौम्य दोषाची पिल्लं एवढ्यावर तरतात. शस्त्रक्रियेचा प्रश्न उरतो तो थोड्या पिल्लांचा. तिथे परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. दोष तीव्र असेल, पिल्लू गुदमरत असेल आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर त्याला वेदनेशिवाय मरण देण्याचा पर्यायही डॉक्टर देतात. तोही दयेचाच आहे. पिल्लाला मासळी बाजारात नेऊन सोडणं, "तिथे खाऊन जगेल" म्हणणं, हे मात्र निसर्गावर सोडणं नव्हे. दमेकरी पिल्लू तिथे कुत्र्यांपुढे पळूही शकत नाही.

कोकणातून कुठे जायचं

पहिली भेट जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथे बैलाचे खूर आणि गाईची कास रोजची असते, म्हणून मांजर न्यायला आपल्याकडे अनेकांना संकोच वाटतो. तो ठेवू नये. छाती ऐकणं, रक्त कमी आहे का बघणं, पिसवा-जंतांचं औषध देणं हे तिथेही होतं. एक्स-रेची सोय नसेल तर जवळच्या शहरातल्या खाजगी दवाखान्याची चिठ्ठी घ्या. एक्स-रेचा स्वच्छ फोटो फोनवर पाठवून शल्यचिकित्सकाचं मत आधी घेता येतं, त्यामुळे पिल्लाची एक फेरी वाचते.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय. घाटावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रत्नागिरीकरांना कोल्हापूर आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना गोवा जवळ पडतो, तिथल्या डॉक्टरांकडेही चौकशी करावी. निघण्यापूर्वी फोन करून ही शस्त्रक्रिया तिथे होते का, हे पक्कं करा.

नेताना पिल्लू पिशवीत किंवा गोणीत घालू नका. हवा खेळेल अशी टोपली किंवा जाळीचा पिंजरा घ्या, वरून पातळ ओढणी टाका. दुपारच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, घाम गाळून थंड होणं मांजराला जमत नाही. धाप असेल तर निघायच्या आधी पोटभर खायला घालू नका, कारण भरलेलं पोट श्वासपटलाला ढकलतं. अगदी लहान पिल्लाला मात्र उपाशीही ठेवायचं नाही, थोडंथोडं द्यायचं.

स्प्लिंट घेऊन घरी आल्यावर

पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथे स्प्लिंटखालची त्वचा कोरडी राहणं अवघड. दिवसातून दोनदा कडा उचलून बघा, वास घ्या. लाल दिसलं, ओलं लागलं, वास आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हळद, तेल, खोबरेल, टाल्कम पावडर यातलं काहीही आत घालू नका. पिल्लू पंख्याच्या वाऱ्यात, कोरड्या खोलीत ठेवा. मांजरी मायेने दोरे चाटत बसते, चावतेही. पिल्लू स्वतः खायला लागलेलं असेल तर ते दिवस त्याला वेगळं निजवून तिला फक्त तुमच्या देखत जवळ येऊ द्यावं. पिल्लू एकाएकी जास्त धापा टाकू लागलं तर रात्र असो की दिवस, थांबू नका. वजन रोज करत राहा, फक्त स्प्लिंटचं वजन वजा करायला विसरू नका.

मोठं झाल्यावर

छाती पूर्ण सरळ होतेच असं नाही. थोडा खळगा राहिला तरी मांजर झाडावर चढतं, उंदीर धरतं आणि बाकीच्यांइतकं जगतं. मोजायचं ते एवढंच, की त्याला दम लागतो का. ज्यांना स्प्लिंट वेळेवर बसला आणि दुसरा दोष नव्हता, त्यांच्यात निकाल सहसा चांगला असतो.

अशा मांजराची पिल्लं होऊ देऊ नयेत. त्याच्या आईबापांचीही पुन्हा जोडी लागू नये. एकाच मांजरीच्या दोन विणींत अशी पिल्लं निघाली तर तिची नसबंदी करून घ्या. त्या पिल्लाची नसबंदी कधी करायची हे छाती तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, कारण भूल सोसेल इतका त्याचा श्वास सुधारलेला हवा. त्या दिवशी जुने आणि नवे दोन्ही एक्स-रे बरोबर न्या आणि भूल देण्याआधी डॉक्टरांच्या हातात द्या.